आधी डोकेदुखीचं बोलू, सायलेन्सरचं नंतर

पत्र असं आहे:

"काका, नमस्कार. इंदूरच्या राजेंद्र नगरहून लिहितेय. आमच्याकडे सासऱ्यांची 2013 ची छोटी पेट्रोल गाडी आहे, आता रोज मीच चालवते, ऑफिस पलासियाला. दिवाळीनंतर आम्ही ओंकारेश्वरला गेलो होतो, परत येताना भेरूघाटाच्या अलीकडे सडकेचं काम चालू होतं तिथे गाडीचं पोट दणकन घासलं. तेव्हापासून आवाज येतोय. सकाळी स्टार्ट केली की टिकटिकटिक, पाच-सात मिनिटांनी आपोआप बंद. आणि तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिली की खालून झीं झीं, डबा वाजल्यासारखं, स्पीड वाढला की जातं. आमचे हे म्हणतात टॅपेट आहे. मेकॅनिक म्हणतो 'मैडम, पूरी लाइन बदलनी पड़ेगी', 35 हजार सांगितले. आणि बाबा म्हणतात गाडी बारा वर्षांची झाली, आवाज तर करणारच, त्यापेक्षा सायलेन्सरमधून पाणी टपकतं त्याचं बघा. कोणाचं खरं मानू? थंडीमुळे काचा बंद आणि हीटर चालू असतो म्हणून की काय, ऑफिसला पोचेपर्यंत डोकं चढलेलं असतं, त्यात हा आवाज अजूनच डोक्यात जातो."

ताई, नमस्कार.

पत्र सकाळी चहा घेता घेता वाचलं. टिकटिक वाचली, झीं झीं वाचली, पस्तीस हजार वाचून जरा हसू पण आलं, आणि शेवटच्या ओळीला कप खाली ठेवला. डोकं चढतं हे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंय, पण माझ्या मते अख्ख्या पत्रात कामाची ओळ तीच आहे, तर आधी तिचं बोलू, गाडी तोवर जागेवर उभी राहू दे.

असं बघा, इंजिनातून जो धूर निघतो त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत की खोकला येत नाही. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा याला दोनशेपटीहून जास्त घट्ट धरून ठेवतं, म्हणजे ऑक्सिजनच्या सीटवर हा रुमाल टाकून बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. सुरुवात डोकेदुखीने होते, मग मळमळ, चक्कर, झोप आल्यासारखं. गाडीत कॅटॅलिटिक कन्वर्टर असतो, तो या वायूचा बराचसा निकाल लावतो, पण तो स्वतः चांगला तापल्यावरच, आणि धूर त्याच्यापर्यंत पोचला तरच ना! तुमची टिकटिक मला जिथली वाटतेय ती जागा कन्वर्टरच्या आधीची आहे, बॉनेटच्या आतली. आणि हीटरला बाहेरची हवा कुठून येते? वायपरच्या खाली ती काळी जाळी असते तिथून, म्हणजे बॉनेटच्या अगदी पाठीला लागून. काचा बंद, हीटर चालू, आणि गाडी कधी नवलखाच्या सिग्नलला उभी तर कधी गीता भवनच्या. जोडून बघा तुम्हीच.

डोकेदुखी ट्रॅफिकची असू शकते, चष्म्याची असू शकते, मला इथे बसून ते कसं कळणार. पण एक पाहता येईल, रविवारी किंवा गाडी न नेलेल्या दिवशी डोकं दुखतं का, आणि ऑफिसला पोचून मोकळ्या हवेत तास-दीड तास गेला की उतरतं का. उतरत असेल तर गाडीवरचा संशय पक्का. तो तपास होईपर्यंत ऑफिसला बसने जा नाहीतर रिक्षाने. गाडी मेकॅनिककडे न्यायची असेल तेवढ्यापुरती न्या, चारही काचा खाली, हीटर-ब्लोअर बंद, आणि मुलांना बरोबर घेऊ नका, थंडी वाजली तर वाजू दे, स्वेटर घाला. डिक्की उघडी ठेवून हवा खेळती करायचा शहाणपणा कोणी सुचवला तर ऐकू नका, त्याने मागचा धूर उलटा आत ओढला जातो. आणि कोरोनात घेतलेलं ते बोटाचं ऑक्सिमीटर आता कपाटातून काढून लावून बघाल आणि 98 आलं म्हणून निश्चिंत व्हाल, तर तेही नको. त्या मशीनला ऑक्सिजन बसलाय की मोनॉक्साइड बसलाय यातला फरकच कळत नाही, ते दोन्हीला लाल समजून आकडा चांगलाच दाखवतं. डॉक्टरकडे गेलात तर गाडीचं नक्की सांगा, नाहीतर ते बिचारे डोकेदुखीची गोळी देऊन मोकळे होतील.

हां, आता आवाज.

तुमच्यापुढे तीन मतं आहेत, ह्यांचं, मेकॅनिकचं आणि बाबांचं, आणि तिघांनीही एकच चूक केलीये, दोन आवाजांना एक धरलंय. तुम्ही मात्र पत्रात दोन्ही वेगळे लिहिलेत, आणि कधी येतो कधी जातो हे पण लिहिलंत, हे फार कमी लोक करतात. माझ्याकडे पत्रं येतात ती बहुतेक "गाडी विचित्र आवाज करते, काय असेल" एवढीच. आवाज कसा आहे हे दहा माणसं दहा प्रकारे सांगतात, एकाची घरघर ती दुसऱ्याची गुरगुर, पण कधी येतो यात घोळ होत नाही. थंड असताना की गरम असताना, उभ्या गाडीत की चालत्या गाडीत, रेस बरोबर वाढतो की स्पीड बरोबर, खड्ड्यात येतो की सपाट सडकेवर. उभ्या गाडीत न्यूट्रलवर रेस देऊन तोच आवाज आला तर तो इंजिन किंवा सायलेन्सर लाइनचा, आणि नुसत्या चालत्या गाडीत येत असेल, क्लच दाबून गाडी तशीच वाहू दिली तरी येत राहिला, तर सायलेन्सरला सोडा आणि चाकाचं बेअरिंग बघा. एवढ्या एका गोष्टीने निम्मं काम होतं आणि याला पैसे पडत नाहीत.

टिकटिक घेऊ पहिली. सकाळी येते, तापल्यावर जाते, हे जवळपास मॅनिफोल्डचं लक्षण आहे. मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनच्या हेडला जोडलेला तो बोटं पसरलेल्या पंजासारखा भाग, प्रत्येक सिलेंडरचा धूर एकेका बोटातून येतो आणि पुढे एकाच नळीत जातो. हेड आणि मॅनिफोल्डच्या मध्ये पॅकिंग असतं. ते पॅकिंग जळालं, किंवा एखादा स्टड, म्हणजे मॅनिफोल्डला हेडशी आवळून धरणारा बोल्ट, ढिला झाला नाहीतर तुटला, की बारीक फट पडते, आणि सिलेंडरने धूर फेकला की प्रत्येक वेळी फटीतून एक टिक. गाडी तापली की धातू फुगतो, फट मिटते, आवाज बंद. लोकांना वाटतं गाडी स्वतःच बरी झाली, खरं तर रोज थोडी थोडी फट वाढत असते. स्टड तुटतात ते बहुतेक दोन टोकांचे, पहिला नाहीतर शेवटचा, कारण हेड अॅल्युमिनियमचं आणि मॅनिफोल्ड बऱ्याचदा बिडाचा, दोघांचं फुगणं सारखं नाही आणि ती सगळी ओढाताण टोकाला येऊन पडते.

आता तुमचे हे टॅपेट (इंजिनचे वॉल्व दाबून उघडणारा भाग) का म्हणतात तेही चुकीचं नाहीये अगदी, आवाज सारखाच वाटतो. मोजून पण फरक कळत नाही. इंजिन 750 आरपीएमला चालत असेल तर एक सिलेंडर मिनिटाला 375 वेळा धूर सोडतो, सेकंदाला साधारण सहा टिक, आणि एक टॅपेट वाजत असेल तरी बरोबर तेवढेच सहा. (सकाळी थंडीत इंजिन स्वतःच 1200 च्या आसपास धावतं, कन्वर्टर लवकर तापावा म्हणून, तेव्हा दहा मोजा.) फरक कुठे कळतो तर लोडवर. धुराची गळती असेल तर चढावर, किंवा गिअरमध्ये जोर दिला की टिकचं फटफट होतं, एकदम मोठं. टॅपेटला तुमच्या चढाशी फारसं देणंघेणं नसतं, आणि तो गरम झाल्यावरही वाजत राहू शकतो. चांगला मेकॅनिक अजून एक करतो, थंड इंजिनात एकेका इंजेक्टरचं, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या भागाचं, सॉकेट क्षणभर काढतो, ज्या सिलेंडरचं काढल्यावर टिक मरते तिथे गळती, आणि तरीही वाजत राहिली तर टॅपेट. ठिणगी देणारी इग्निशन कॉइल काढून हेच करणारे पण आहेत, त्यांना नको म्हणा, त्यात पेट्रोल न जळता कन्वर्टरमध्ये जातं आणि तिथे पेटतं.

घरी काय बघता येईल ते सांगतो. रविवारी सकाळी, रात्रभर उभी असलेली थंड गाडी, बाहेर मोकळ्या जागेत काढलेली, गॅरेजमध्ये किंवा बिल्डिंगच्या तळघरात तर अजिबात नाही. बॉनेट उघडा आणि स्टार्ट करायच्या आधीच मॅनिफोल्ड आणि हेड जिथे मिळतात ती रेघ टॉर्चने नीट बघा. वरून एक पातळ पत्रा लावलेला असतो, त्याच्या फटीतून बघावं लागेल. जिथून गळतं तिथे काळी काजळी बसते, पण सगळीकडे पसरलेली नाही, पिसासारखी, एका जागेतून सुरू होऊन बाहेर फाकत गेलेली. चुलीच्या तोंडाशी धुराचा फराटा असतो ना, अगदी तसा, फक्त बोटभर. तो दिसला की वाद संपला.

मग ह्यांना स्टार्ट करायला सांगा आणि तुम्ही ऐका. कानाशी धरायला बागेच्या पाइपचा मीटरभर तुकडा घ्या, एक टोक कानाला, दुसरं टोक जागोजागी फिरवा, कुठल्याही धातूला टेकवायचं नाही, बोटभर लांब. जिथली टिक तिथे आल्यावर ती कानात अशी येते की दचकायला होतं. ओढणी, पदर, मोकळे केस, मफलर, हे सगळं आधी बांधून घ्या, कारण तिथे पट्टा फिरत असतो आणि रेडिएटरचा पंखा मनाला येईल तेव्हा सुरू होतो. हे मी प्रत्येक वेळी लिहितो आणि प्रत्येक वेळी लिहिणार.

दुसरी चाचणी टॉवेलची. जुना जाड टॉवेल ओला करून घडी घाला, हातमोजे घाला, गाडी नुकतीच स्टार्ट झालेली असताना म्हणजे शेपटीची नळी तापायच्या आत, मागच्या नळीच्या तोंडावर दाबून धरा, पाच-सात सेकंदच. लाइन ठणठणीत असेल तर हाताला दाब जाणवतो आणि इंजिन गुदमरायला लागतं. कुठे भोक असेल तर दाब नीट जमतच नाही, आणि तेवढ्यात दुसऱ्या माणसाने वाकून ऐकलं तर खालून सूंऽऽ असा आवाज कुठून येतो ते कळतं. मग सोडून द्या, जास्त वेळ धरू नका, आणि तोंड बाजूला ठेवा.

या गळतीचा अजून एक तोटा असतो जो आवाजापेक्षा महाग पडतो. धूर धक्क्या-धक्क्याने येतो, दोन धक्क्यांच्या मध्ये त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो, त्याला वाटतं अरे, ऑक्सिजन उरतोय म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, तो कॉम्प्युटरला तसं सांगतो आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. एवरेज पडतं. ताई, मागच्या महिन्यात पेट्रोल जास्त लागलं का हे तुमच्या डायरीत नाहीतर फोनच्या पेमेंटमध्ये दिसेल. चेक इंजिनचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून कोड बघायला सांगा, पी0171 दिसला तर हीच गोष्ट असायची शक्यता चांगली आहे, आणि पी0420, म्हणजे कन्वर्टर नीट काम करत नाही असा कोड, दिसला म्हणून लगेच कन्वर्टर बदलायला तयार होऊ नका, आधी गळती बंद करा, कोड पुसा, आठवडाभर चालवा, मग बघा.

आता झीं झीं. ही माझी आवडती तक्रार आहे, कारण यात माणसं सगळ्यात जास्त घाबरतात आणि बहुतेक वेळा निघतं ते सगळ्यात स्वस्त. सायलेन्सर लाइनच्या वर जागोजागी पातळ पत्रे लावलेले असतात, हीट शील्ड. नळीची उष्णता गाडीच्या तळाला, पेट्रोलच्या टाकीला, ब्रेकच्या नळ्यांना लागू नये म्हणून. त्यांचे बोल्ट बारीक, बारा वर्षांत बोल्टभोवतीचा पत्रा गंजून भोक मोठं होतं, आणि मग ठराविक रेसला, बहुतेक गाड्यांत दीड-दोन हजार आरपीएमच्या आसपास, इंजिनचं थरथरणं आणि त्या पत्र्याचं थरथरणं जुळतं आणि तो मधमाशीसारखा गुणगुणायला लागतो. रेस वाढली की जुळणी सुटते, आवाज गायब. तुम्ही लिहिलंय तसंच. गाडीचं पोट घासलं तेव्हा हाच पत्रा वाकून नळीला टेकला असणार, याबद्दल माझ्या मनात फारशी शंका नाही. पिटवर गाडी घेऊन, लाइन थंड असताना, मुठीने ठोकत जायचं, पत्रा स्वतः सांगतो मी इथे आहे म्हणून. इलाज म्हणजे एक मोठी जुबली क्लिप, पत्र्याच्या आणि नळीच्या भोवती आवळून टाकायची. पोहे-जिलबीच्या खर्चात होतं. फक्त मेकॅनिकला पत्रा उपटून फेकू देऊ नका. "निकाल देते हैं, कुछ नहीं होता" म्हणतात आणि आवाज जातो पण, मग उन्हाळ्यात कधी तुम्ही वाळलेल्या गवतावर गाडी लावता आणि वरती कन्वर्टर काही शे डिग्रीला तापलेला असतो.

माझी स्वतःची फजिती सांगतो, म्हणजे मी शहाणा म्हणून बोलतोय असं नको वाटायला. बरीच वर्षं झाली, माझ्या गाडीला खालून खडखड यायची, सायलेन्सरच्या आत काहीतरी तुटलंय असा मी निदान केला, गॅरेजवाल्याने पण मान डोलावली, मागचा डबा नवा बसवला. पैसे दिले, गाडी काढली, पहिल्याच वळणावर खडखड. त्यानंतर महिनाभर मी रेडिओ मोठा लावून फिरलो. शेवटी एका पंक्चरवाल्याच्या पोराने, चाक काढलेलं होतं म्हणून सहज आत डोकावून, पत्रा आणि नळीच्या मध्ये अडकलेली एक गिट्टी स्क्रू ड्रायव्हरने टक् करून उडवली. लिंबाएवढी होती. त्याने माझ्याकडे बघितलं आणि चाकाचेच पैसे घेतले. तुमच्या गाडीनेही सडकेच्या कामावरची गिट्टी खाल्लेली असू शकते, तर क्लिपच्या आधी तेवढं बघायला सांगा.

दोन्ही आवाज एका दणक्याने कसे आले? येऊ शकतात. सगळी लाइन इंजिनपासून मागपर्यंत एकच असते, मागे रबरांवर टांगलेली, पुढे स्टडने आवळलेली, मध्ये एक जाळीदार लवचिक नळी असते जी धक्के पचवते. मध्ये मार बसला की झटका पुढपर्यंत जातो आणि बारा वर्षांचा स्टड तिथे हात टेकतो. किंवा टिकटिक आधीपासूनच होती आणि ओंकारेश्वरनंतर तुम्ही कान देऊन ऐकायला लागलात म्हणून सापडली, असंही होतं. मला तर हेच जास्त वाटतं, कारण सकाळचा गारठा पण तेव्हाच सुरू झाला. त्या जाळीदार नळीवर मात्र एकदा नजर टाकायला सांगा, तिची वीण फाटली असेल तर आज ना उद्या ट्रॅक्टरसारखी धडधड सुरू होणार.

बाकी वाचकांसाठी पटकन, कारण हे पत्र छापलं की पुढच्या आठवड्यात "आमच्या गाडीला वेगळाच आवाज येतो" असं येणारच. खड्ड्यात ठक्क ठक्क आणि एरवी शांत, तर टांगणीचं रबर तुटलंय, लगेच बदला, लाइन लोंबली की दुसरे जोड तुटतात. जाड भर्रऽ आवाज, गाडी एकदम बुलेट झाल्यासारखी, तर मागच्या डब्याला नाहीतर नळीला मोठं भोक. रेस सोडल्यावर मागून फट्-फट् येत असेल तर कुठून तरी हवा आत जातेय. डब्यात खडे घालून हलवल्यासारखं खळखळ, तर कन्वर्टरच्या आतली जाळी, मधमाशांच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची असते ती, तुटलीये. लाइन थंड झाल्यावर रबरी हातोडीने हलकं ठोका, खळखळ तिथूनच आली की समजा. पण तिथे थांबू नका, ती का तुटली ते शोधा, बऱ्याचदा इंजिन मिसफायर करत असतं आणि न जळलेलं पेट्रोल तिथे जळून पोळं वितळतं, ते न दुरुस्त करता नवा कन्वर्टर टाकला तर तोही गेला. आणि गाडी बंद केल्यावर खालून टिंग टिंग येतं ते काही नाही, तापलेला धातू आवळतोय, त्याला आवळू द्या.

पस्तीस हजारांवर येतो. तो मेकॅनिक लबाड आहे असं मी म्हणणार नाही, मी त्याला पाहिलेलं नाही. पण "पूरी लाइन" हे निदान नाही, ती आळशीपणाची ऑर्डर आहे. लाइन म्हणजे मॅनिफोल्ड, कन्वर्टर, मधली नळी, मधला डबा, मागचा डबा, बहुतेक गाड्यांत हे तुकडे फ्लेंजला बोल्टने जोडलेले असतात आणि वेगवेगळे बदलता येतात, आणि छोट्या गाड्यांत कन्वर्टर बऱ्याचदा मॅनिफोल्डच्या अंगालाच असतो. त्याला एवढंच म्हणा, भैया, गाडी पिटवर घ्या आणि गळतंय ते मला बोटाने दाखवा, मी मोबाईलवर व्हिडिओ काढते. जो दाखवेल त्याच्याकडून काम करून घ्या. पॅकिंग स्वस्त असतं, पैसे मजुरीचे आणि गंजलेल्या स्टडचे, स्टड आत मोडला तर ड्रिल करून काढावा लागतो आणि त्याला हात चांगला लागतो, तिथे घासाघीस करू नका. पॅकिंगच्या ऐवजी नुसती पेस्ट फासून देतो म्हणाला तर मॅनिफोल्डच्या जागी ती टिकत नाही, मागच्या जोडाला एक वेळ चालेल. वेल्डिंग करायची वेळ आली तर बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढायला सांगा.

आणि समजा कन्वर्टर खरंच गेला असं निघालं, तर जुना परत मागून घ्या आणि डिक्कीत टाका. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम असतं, थोडंच असतं पण भंगारवाला त्याचे चांगले पैसे देतो, आणि ते पैसे तुमचे आहेत. कोणी "अंदर से खाली कर देते हैं, पिकअप बढ़ जाएगा" म्हणाला तर गाडी घेऊन निघून या. मोनॉक्साइडचं वर एवढं रामायण लिहिलं ते याच्यासाठीच, शिवाय पीयूसी अडकेल, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 190 मध्ये प्रदूषण आणि आवाजासाठी 10 हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, असं 2019 च्या दुरुस्तीपासून आहे.

राहिले बाबा. त्यांना सांगा पाण्याची काळजी नको, ते गाडी नीट जळत असल्याचं पाणी आहे. पेट्रोलमधला हायड्रोजन जळून पाणीच होतं, एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफ होऊन बाहेर जातं, थंडीत नळी गार असते म्हणून तिथेच थेंब होतात. पाणी शेपटीतून टपकतंय आणि रेडिएटरच्या टाकीतलं कमी होत नाहीये एवढं पडताळा, कूलंट कमी होत असेल आणि मागून गोडसर वासाचा पांढरा धूर गाडी तापल्यावरही येत असेल तर मात्र हेड गॅस्केटची गोष्ट आहे आणि मला वेगळं पत्र लिहा. बाबांचं एका बाबतीत बरोबर आहे, हे पाणी डब्यात साचून राहिलं तर डबा आतून सडतो, आणि ते साचतं कधी, तर गाडी दूध आणायला आणि भाजी आणायला एक-दोन किलोमीटरच फिरते तेव्हा, नीट तापायच्या आधी बंद. मागच्या डब्याला खाली टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडं मोठं एक भोक असतं कंपनीचं, पाणी निघायला. ते बघून कोणी "सायलेंसर में छेद है" म्हणून वेल्डिंग मारून बुजवून देत असेल तर बाबांना पुढे करा.

तर रविवारी सकाळी टॉर्च, पाइपचा तुकडा, ओला टॉवेल. काळी रेघ पहिल्या सिलेंडरला दिसली की शेवटच्या, ते कळवा, आणि डोकं रविवारी दुखलं का ते आधी कळवा.